लिंबाला टांगलेल्या वहाणा

“त्याच्या पायांकडं बघू नको. बघितलं की त्याला अवघडतं.”

मी चहाचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात आले, तेव्हा साहेब हे हळूच म्हणाले. आत सतरंजीच्या कडेला लिंबराज बसला होता. पाय पोटाशी घेतलेले, त्यांवर धोतराचा सोगा ओढलेला, शेजारी ओल्या गोणपाटानं झाकलेली विड्याच्या पानांची टोपली. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि तो बाजारातून चालत आला होता. पायरीवर मी त्याच्यासाठी पाण्याची कळशी ठेवत असे. तिथं तो पाय धुवायचा, पंच्यानं पुसायचा आणि मगच आत यायचा. तरी फरशीवर ओले ठसे उमटायचेच. ते वाळेपर्यंत तिकडं बघायचं नाही, असं त्या दिवसापासून ठरून गेलं.

लग्न झालं तेव्हा मी यांना ‘अहो’ म्हणत असे. आमदार झाले आणि घरातले, दारातले सगळेच साहेब म्हणू लागले, मग मीही. पुढं आमदारकी गेली, हाक तीच राहिली.

आता त्यांच्या पुण्यतिथीला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होतो. कुणीतरी उभं राहून त्यांची कारकीर्द सांगतं. पंच्याऐंशीला अपक्ष, थोडक्यात पराभव. नव्वदला विजयी. पंच्याण्णवला पुन्हा विजयी. मांजरा नदीवरचा पूल, साठवण तलाव, मुलींचं वसतिगृह. नव्याण्णवला पराभूत. मग सांगणारा जरा खाकरतो आणि ‘तरीही साहेबांनी समाजकारण सोडलं नाही’ असं म्हणून खाली बसतो. मी पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते. मला त्या साऱ्या कारकिर्दीतल्या ज्या सकाळी आठवतात, त्या तिथं कुणी सांगत नाही.

लिंबराज आमच्याकडं आला तो पंच्याऐंशीच्या निवडणुकीत. साहेब तेव्हा हायस्कुलात मास्तर होते आणि अपक्ष उभे होते, चिन्ह कपबशी. खडकउंबरीचा हा पानं विकणारा माणूस, कुणी बोलावलं नव्हतं, एका सकाळी दारात येऊन म्हणाला, बाजारात ओरडून ओरडून माझा गळा तयार झालाय, तो फुकट वापरा. त्याला जीपवर भोंग्यापुढं बसवलं. “चहा कुणाचाबी घ्या, कपबशी आमचीच घ्या” हे त्याचंच. समोरचा उमेदवार चिडून म्हणाला होता की ह्या पानवाल्यानं माझ्या घरचा चहा बंद पाडला, कुणाला कपबशीत चहा दिला की तो हसतो. ती निवडणूक साहेब हरले, पण तालुक्यात साहेबांचं नाव झालं, आणि पुढच्या वेळी पक्षानं आपणहून तिकीट दिलं. साहेब जवळजवळ दहा वर्षं आमदार होते आणि त्या दहा वर्षांत लिंबराजनं स्वतःसाठी एक गोष्ट मागितली असेल तर ती शपथेवर आठवत नाही. दर सोमवारी तो माझ्या पूजेसाठी पानं आणून द्यायचा. पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, वैनी, ही देठाची आहेत, देवाला देठाची लागतेत.

माझा नेम माहेरचा. पहाटे अंघोळ झाली की इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा. ती पुरी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि तोंडातून शब्द नाही. प्रचाराच्या धामधुमीतही तो मोडला नाही. दारात मंत्री येऊन उभे राहिले तरी साहेब सांगायचे, थांबा, ती आता बोलायची नाही.

नव्याण्णवला साहेब पडले. दुपारपर्यंत पुढं होते. अंगणात गुलालाची पोती आणून ठेवली होती. शेवटच्या फेऱ्यांत गेलं. संध्याकाळी लोक तहसिलीवरून परतले ते कुणी कुणाशी बोलत नव्हतं. साहेब कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसले होते. तेवढ्यात लिंबराज उठला. पायांतल्या वहाणा काढल्या, नव्याच होत्या, लेकीनं पोळ्याला घेऊन दिलेल्या. एक खिळा शोधून आणला, ओट्यावर चढून दगडानं लिंबाच्या खोडात उंच ठोकला आणि वहाणांचे अंगठे त्यात अडकवून त्या टांगल्या.

“साहेब पुन्हा आमदार हुईस्तोवर ह्या हितंच राहतील,” तो म्हणाला. “त्या दिवशी साहेबांनीच काढाव्यात अन् त्यांच्या हातानं माझ्या पायात घालाव्यात. तवर लिंबराज अनवाणी.”

मेलेल्या अंगणात जीव आला. टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. साहेबांनी त्याला मिठी मारली आणि मी त्यांना पहिल्यांदा माणसांसमोर रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होते. आमच्यात नेम धरताना त्याचं उद्यापन कधी, ते आधी ठरवतात. सोळा सोमवार तर सोळा, चातुर्मास तर चातुर्मास. लिंबराजनं ते ठरवलंच नाही. मतदारांच्या हातात देऊन टाकलं.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीट कापलं. साहेब पुन्हा कपबशी घेऊन अपक्ष उभे राहिले. लिंबराज पुन्हा भोंग्यावर बसला, पण आता लोक जीपपेक्षा त्याच्या पायांकडं बघायचे. ती निवडणूकही गेली. त्याच्या पुढच्या वेळी मतदारसंघच राखीव झाला. आमच्या तालुक्यातून साहेबांना उभंच राहता येणार नव्हतं. हे तालुक्यात सगळ्यांना कळलं होतं. लिंबराजलाही कळलं असणार, बाजारात बसणाऱ्या माणसाला काय कळत नाही? पण साहेबांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी ते झालं नव्हतं.

आणि साहेब सांगत नव्हते. बैठकीतल्या सतरंज्या एकावर आल्या. फोन थंडावला. सकाळी येणाऱ्यांत उत्तमराव तेवढे उरले, पंचायत समितीचे जुने सभापती. ते रोज पेपर घेऊन यायचे आणि सरकार पडायचं कधी, ते सांगायचे. बाहेरगावचा कुणी चुकून आलाच, तर साहेब त्याला लिंबाकडं बोट दाखवायचे. अशी माणसं आहेत आपल्याकडं, म्हणायचे. वहाणांचं कातडं तोवर उन्हापावसानं वाळून वर वळलं होतं. लिंबाची साल फुगून खिळ्यावर आली होती. येणारा वर बघायचा, मान हलवायचा. तेवढा वेळ साहेब पुन्हा आमदार असायचे. मला ते दिसत होतं आणि मी काही बोलत नव्हते, कारण त्यांच्याकडं दुसरं काही उरलेलं मला दिसत नव्हतं.

मग मतदारसंघ राखीव झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सोमवारी पानं घेऊन लिंबराजच्या ऐवजी त्याची लेक आली. शालन. नवरा गेल्यावर माहेरीच राहत होती. पूजा झाली होती म्हणून तिला आत बसवलं, चहा ठेवला. तिनं चहा घेतला नाही. पदराच्या टोकाला गाठी मारत तिनं सांगितलं ते असं : बापाला साखरेचा आजार निघून दोन वर्षं झालीत, त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. बाजारच्या वाटेवर बाभळीचा काटा भरला तो त्याला कळलाच नाही, कारण तळव्याला आता काही कळतच नाही. उजवा अंगठा काळा पडलाय. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अंगठा काढू, बाकीचा पाय वाचेल. पण आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, अगदी घरातसुद्धा नाही, नाहीतर पायच काढावा लागेल. बाप उठून घरी आला. चपला घालायच्याच असतील तर अंगठा काढून तरी काय उपयोग, म्हणाला.

“काकू, माझं ऐकत न्हाई,” शालन म्हणाली. “तुमचं ऐकंल. तुमीबी नेमाच्या.”

दुसऱ्या दिवशी पूजा आटपून मी खडकउंबरीला गेले. लिंबराज ओसरीत बाजेवर होता. मला बघून उठायला लागला, मी बस म्हटलं. त्यानं घाईनं पायावर पंचा ओढला. साहेबांनी सांगितलं होतं, बघू नको. मी बाजेजवळ बसले, पंचा बाजूला केला आणि बघितलं.

“नका बघू वैनी,” तो म्हणाला. “शोभंचं न्हाई ते.”

“कधी जातोस लातूरला?”

“अंगठ्यासाठीच ना? आता अंगठा लागतो कुठं. मत द्यायला बटण दाबतेत.”

तो हसला. शालन चुलीपुढं होती, तिनं तिथूनच सांगितलं की तोंड तेवढं शाबूत आहे ह्यांचं. मी हसले नाही.

“लिंबराज,” मी म्हटलं, “नेमाला उद्यापन असतं. अडचण आली, दुखणं आलं, तर मधेही करतात. त्याला मोडला म्हणत नाहीत.”

“असतं की.” त्यानं पंचा पुन्हा ओढून घेतला. “पर तुमचा नेम देवापुढचा. देव कुठं जात न्हाई. त्याला सांगितलं, झालं. माझा साहेबांपुढचा.”

“मग साहेबांनी सोडवला तर?”

अंगणात शेळी दावणीला हिसके देत होती, तो तिच्याकडं बघत राहिला.

“साहेबांनी एकदा म्हणावं,” तो शेवटी म्हणाला, “लिंबराज, मी आता उभा राहत न्हाई. बास. त्यांच्या हातानं घालतील, मी घालीन. पर ते तिकडं उभं राहायचं धरून बसलेत अन् मी हिकडं चपला घालून हिंडलो, तर लोक काय म्हणतील? लिंबराजनंच धीर सोडला. मग साहेबांकडं कोण राहिलं?”

हे तो मोठेपणा म्हणून बोलत नव्हता. टोपलीत पानं किती उरली ते सांगावं तसं बोलत होता.

घरी आले तेव्हा साहेब ओट्यावर बसले होते. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अंगठा, डॉक्टर, आणि लिंबराजनं मागितलेलं ते एक वाक्य.

“तू पाय बघितलास?” त्यांनी विचारलं.

“बघितला.”

त्यांनी वर लिंबाकडं बघितलं. मग खाली बघितलं. एकोणीसशे पंच्याऐंशीपासून जितक्यांदा हरले, तितक्यांदा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पण हरलो असं स्वतःच्या तोंडानं म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते काम मोजणी करणाऱ्यांनी करून टाकलं होतं.

“रविवारी जातो,” ते म्हणाले. “चार माणसं बोलावून, सगळ्यांसमोर. तो नेम त्यानं लोकांत घेतला, तर लोकांतच सोडवायला पाहिजे.” थोडं थांबून म्हणाले, “त्याला निरोप दे. वहाणा मी स्वतःच्या हातानं घालीन. शब्द दिला म्हणावं.”

मी त्याच दिवशी निरोप धाडला. शालनचा उलट निरोप आला की रविवारी साहेब येऊन गेले की सोमवारी लातूरला जायचं, बाप कबूल झाला. त्या आठवड्यात साहेब हलके झाल्यासारखे वागले. शिडी लावून स्वतः वर चढले. खिळा काही निघेना, खोडानं तो गिळला होता. वहाणांचे अंगठे कापून त्या उतरवाव्या लागल्या. चौकातल्या चांभाराकडून नवे अंगठे बसवून आणले. कातडं मऊ पडावं म्हणून मी तेल लावून ठेवलं. साहेब येता-जाता त्या हातात घेऊन वाकवून बघायचे. नव्वद साली शपथविधीला जाताना कोटाची बटणं अशीच पुन्हा पुन्हा तपासली होती, म्हणून मला हसू आलं आणि त्यांनाही आलं.

शनिवारी संध्याकाळी उत्तमराव आले, ते पेपर न घेता. मी आतल्या खोलीत वाती वळत होते, मधे पडदाच होता. मुंबईहून फोन होता, ते सांगत होते. विधान परिषदेच्या जागा भरायच्यात, एका जागेवर मराठवाड्यातला जुना माणूस हवाय, साहेबांचं नाव कुणीतरी घेतलंय. उद्याच्या उद्या जाऊन भेटायला पाहिजे.

“परवा जाऊ,” साहेब म्हणाले. “उद्या खडकउंबरीला शब्द दिलाय.”

“कसला शब्द दिलाय तिथं?”

साहेबांनी सांगितलं. उत्तमरावांनी आवाज खाली आणला.

“साहेब, उद्या दुपारी तुम्ही चार माणसांत म्हणणार, मी आता उभा राहत नाही. ती बातमी तुमच्या आधी मुंबईत जाऊन बसेल. मग तिथं तुम्हाला पाणी तरी कोण विचारणार?”

मग फाटक वाजलं, उत्तमराव गेले.

रविवारी पहाटे मी पूजेला बसले होते. लिंग तळहातावर घेतलेलं, विभूती लावून झालेली, जप सुरू झालेला. देवघराच्या दारात पावलं वाजली. खादीच्या कपड्यांचा कांजीचा वास आला. ते कपडे त्यांनी फार दिवसांत पेटीतून काढले नव्हते.

“तू उठू नको, तुझं चालू दे,” साहेब माझ्या पाठीशी म्हणाले. “मी मुंबईला जाऊन येतो. आमदार होऊनच येतो. मग त्याचा नेम पुरा होईल, सोडवायला लागणार नाही. हे त्याच्यासाठीसुद्धा बरं, नाही का? चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. तू त्याला समजावून सांग. तुझं तो ऐकतो.”

पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. ते थोडा वेळ थांबले. मग पावलं लांब गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी जप पुरा केला, तीर्थ घेतलं आणि बाहेर आले. अंगणात धूळ खाली बसत होती. वहाणा ओट्यावर तशाच होत्या.

त्या पदराखाली घेऊन मी खडकउंबरीला गेले. ओसरी सारवलेली होती. पाटावर नवा टॉवेल अंथरला होता, साहेबांना बसायला. शेजारपाजारची माणसं भिंतीला टेकून बसली होती. लिंबराजनं दाढी केली होती. धुतलेलं धोतर नेसून, ताप असताना, तो खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझ्या मागं बघितलं.

“साहेब?”

मी खरं ते सांगितलं. मुंबई, परिषद, फोन. सांगताना मला वाटत होतं की आता हा माणूस कोसळेल. त्याचा चेहरा उजळला.

“बघा,” तो भिंतीकडच्या माणसांना म्हणाला. “म्हणलो न्हवतो? आमदार म्हंजे आमदार. वरच्या सभागृहातला का असंना.”

मी वहाणा काढून त्याच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, लिंबराज, साहेबांच्या वतीनं मी घालते, देवाच्या साक्षीनं घालते, दोष लागला तर मला लागू दे. त्यानं दोन्ही हात जोडले.

“तुमच्या हातानं नको वैनी. तुमी माझ्या पायाला हात लावायचा, हे तरी बरं हाय का? अन् आता तर चार दिवसांचाच प्रश्न. इतकं चाललो, चार दिवसांसाठी कशाला लाज घेऊ?”

“मग लातूरला तरी जा.”

“साहेब आल्यावर. त्यांच्या हातानं चपल घालतो अन् चपल घालूनच दवाखान्यात जातो.”

शालन दारातून आत निघून गेली. मी दुपारपर्यंत तिथं बसून राहिले. पुष्कळ सांगितलं. तो ऐकत होता, मान डोलवत होता, आणि मधूनच भिंतीकडच्या कुणाला तरी विचारत होता की परिषदेच्या आमदाराच्या गाडीवर पाटी असते का. येताना वहाणा मी परत आणल्या आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या. देवघरात पायातली वस्तू ठेवत नाहीत. पण त्या दिवशी दुसरी जागा सुचली नाही.

मुंबईला साहेबांना मी फोन केला. ते म्हणाले, उद्या ठरतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या ठरत होतं. त्या आठवड्यात लिंबराजचा ताप डोक्यात गेला. तो बाजेवर पडून कपबशीचा प्रचार करायला लागला, तेव्हा शालननं गावातली जीप बोलावली आणि त्याला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आता अंगठ्याचं राहिलं नाही. गुडघ्याखालून पाय काढला.

मी फोनवर साहेबांना तसं सांगितलं. पलीकडून माणसांचा, कपांचा आवाज येत होता. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी फोन ठेवला नाही. मग त्यांच्याकडूनच तो ठेवला गेला.

नावं जाहीर झाली. त्यांत साहेबांचं नव्हतं. मराठवाड्याचंच कुणाचं नव्हतं.

ते परत आले ते एसटीनं, चौकातून चालत. आल्यावर अंघोळ केली, ओट्यावर जाऊन बसले. लिंबाच्या खोडात खिळ्याचं टोक तेवढं दिसत होतं. मी जेवायला वाढलं, ते जेवले. लिंबराज दवाखान्यातून घरी आल्याचं मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. जाऊ म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही. दिवस जात होते. शालन सोमवारी पानं घेऊन आली नाही, तर मी बाजारातून मागवली. ती देठ खुडलेली निघाली.

उत्तमराव आले. पेपर उघडून म्हणाले की झालं ते झालं, पुढच्या खेपेला आपलं नक्की धरायचं, जागा रिकाम्या होतच राहतात. साहेबांनी पेपर त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि बाजूला ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी पहाटे मी पूजेला बसले होते. लिंग तळहातावर, जप चालू. देवघराच्या दारात पावलं वाजली. या वेळी कांजीचा वास नव्हता. साहेब घरातल्या साध्या धोतरावर होते. त्यांनी आत येऊन कोनाड्यातल्या वहाणा काढल्या. दोन हातांत दोन धरून उभे राहिले. नवे अंगठे, तेल प्यालेलं कातडं. बराच वेळ ते त्यांच्याकडं बघत होते.

“दवाखान्यात मी गेलो नाही,” ते म्हणाले. “मला माहीतसुद्धा नाही.” त्यांनी दोन्ही वहाणा माझ्यापुढं धरल्या. “कोणता गेला?”

माझ्या तळहातावर लिंग होतं. जप अर्धा झाला होता.

“उजवा,” मी म्हणाले. “डावा आहे.”

त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात पूजेच्या वेळी माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. मग उजवी वहाण त्यांनी परत कोनाड्यात ठेवली. डावी उपरण्यात गुंडाळली, अंगाशी धरली आणि बाहेर पडले.

मी लिंग डबीत ठेवलं आणि उठून दारापर्यंत गेले. उत्तमराव नुकतेच फाटकातून आत येत होते. त्यांनी विचारलं, सकाळीच कुठं साहेब, जीप सांगू का?

“उत्तमराव,” साहेब म्हणाले, “मी आता उभा राहत नाही. तेवढं चौकात सांगून टाका.”

पायरीवर येऊन ते थांबले. तिथं लिंबराजची कळशी होती, ती मी अजून हलवली नव्हती. साहेबांनी स्वतःच्या चपला काढून तिच्याजवळ लावून ठेवल्या आणि उतरले. फाटकातून बाहेर पडले, मागं न बघता खडकउंबरीच्या वाटेला लागले. सवय नसलेली पावलं होती. खडा लागला की टाच उचलत होती.

मी त्यांच्या पायांकडं बघत राहिले. रस्ता अजून तापला नव्हता. खडकउंबरी येईपर्यंत तापणार होता.